दादाचा अभ्यास

भाद्रपद वद्य द्वितीया, शके १८५९. हिंगोली

नागनाथदादा काल सकाळी कयाधूवर अंघोळीला गेला, तो परतला नाही. घाटावर त्याचं धोतर, सदरा आणि वहाणा सापडल्या. धोतराची नीट घडी केलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. नदीला पूर आहे. भोई लोकांनी गळ टाकून पाहिला. शेजारचे खाजा मिया टांगा घेऊन खालच्या गावांपर्यंत जाऊन आले, प्रत्येक ठिकाणी विचारलं. कुणी काही पाहिलं नाही.

आईनं चूल पेटवली नाही. अण्णा दारातल्या बाकावर बसून आहेत. तहसिलीत पेशकार होते तेव्हा बसायचे तसेच, ताठ, टोपी घालून.

दादा हैदराबादला दिगंबरमामांच्या हिशेबतपासणीच्या ऑफिसात तीन वर्षं काम शिकत उमेदवारी करून आला होता. रजिस्टर्ड अकौंटंटची शेवटची परीक्षा तेवढी राहिली, ती झाली की हिशेब तपासून सही करायचा परवाना मिळतो. त्यासाठीच घरी बसून वाचत होता. मागच्या खेपेला मी निकालाचं विचारलं तर म्हणाला, परीक्षाच पुढं ढकलली, मामांना पत्रातून काही विचारू नकोस. मी विचारलं नाही.

लिहिलं की डोकं जरा जागेवर राहतं. म्हणून लिहिते आहे.


भाद्रपद वद्य अष्टमी

भटजी आले होते. देह मिळाला नाही तरी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो, असं त्यांनी हळूच सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, दक्षिणा दिली आणि म्हणाले की या घरातलं कुणी गेलेलं नाही, विधी कुणाचा करायचा. भटजी माझ्याकडं बघायला लागले. मी खाली पाहिलं.

दुपारी अण्णांनी दादाची खोली उघडली. टेबल, पुस्तकं, दौत, सगळं होतं तसं. मला आत बोलावलं.

"द्वारका, त्याचा अभ्यास मागं पडून राहिला," ते म्हणाले. "वैशाखात परीक्षा. तो आला की कुठवर झालं ते त्याला कोण सांगणार? तू वाचत राहा. तुला इंग्रजी येतं."

मामांकडं राहून मी मॅट्रिक केलं, म्हणून येतं. पण मॅट्रिक वेगळं आणि हे वेगळं. तसं बोलणार होते, पण अण्णांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं होतं. मी हो म्हणाले. दुःखाला धरायला काहीतरी लागतं. त्यांना हे धरू दे.


आश्विन शुद्ध दशमी

दसरा. पुस्तकांची पूजा केली. मामांनी वेळोवेळी पत्रातून सांगितलेल्या गोष्टी दादानं एका पुठ्ठ्यावर उतरून भिंतीला लावल्या आहेत. त्या मला आता पाठ झाल्या. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा हिशेब मांडावा, कायदा जेवणानंतर, कारण कायदा झोपेत असतानाही थोडा आत जातो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची बेरीज, जुळली नाही तर चूक शोधत बसू नये, पान बाजूला ठेवून नव्यानं मांडावी. परीक्षक उत्तर नंतर बघतो, मांडणी आधी. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून: हिशेबतपासनीस गुप्त पोलीस नव्हे, पण झोपलेला पहारेकरीही नव्हे.

आज कंपनीचा ताळेबंद मांडला. दोन्ही बाजू पहिल्या झटक्यात जुळल्या. कुणी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. दादाच्या वहीत हाच हिशेब अर्धवट आहे, पुढं नुसत्या रेघोट्या.

मला हे आवडतंय. लिहायला लाज वाटते, पण आवडतंय.


कार्तिक शुद्ध त्रयोदशी

कुरुंद्याचे पाहुणे आज मला बघायला यायचे होते. हळदीचा मोठा व्यापार आहे, मुलगा शिकलेला आहे. उन्हाळ्यापासून बोलणं चाललेलं. मी सकाळीच न्हाऊन तयार झाले. अण्णांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. गाडी वळताना आतली बाई तोंडाला पदर लावून आमच्या घराकडं बघत होती.

आईला विचारलं तर म्हणाली, "परीक्षा होऊ दे आधी." माझ्या लग्नाचा आणि दादाच्या परीक्षेचा काय संबंध, ते मला उमगलं नाही. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तेवढं वाटलं नाही. लुगडं बदलून परत टेबलाशी गेले. ऑडिटचं पुस्तक उघडलं आणि संध्याकाळपर्यंत बसलो.

वर 'बसलो' लिहिलं गेलं. दादाच्या टिपणांत सगळीकडं 'उठलो', 'बसलो' असतं, त्याची सवय लागली असेल. खोडत नाही. खोडलं की पान घाण दिसतं.


मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

आता मोठ्यानं वाचते. अण्णा बाहेरच्या बाकावर बसून ऐकतात. दादा वाचताना दर ओळीच्या शेवटी जरा थांबायचा. त्यांना सोपं जावं म्हणून मीही तसंच थांबते.

काल वाचत असताना आई दुधाचा पेला घेऊन आली आणि टेबलावर ठेवून उभी राहिली. साय वर तरंगत होती. या घरात सायीचं दूध दादाला मिळायचं. मी प्याले. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "डोळ्यांना जप रे."

रे. तिला चूक दाखवली असती तर तिचा चेहरा पडला असता. आणि खरं सांगायचं तर दूध गोड होतं.

आता ताट मला अण्णांच्या शेजारी वाढतात. भाकरी तव्यावरची गरम. स्वैपाकघरात मला कुणी बोलावत नाही. भांडी आई एकटी घासते. मी उठले की म्हणते, जा, वाच.


मार्गशीर्ष वद्य एकादशी

खोली उत्तरेची, थंडी फार. अण्णांनी दादाचा काळा कोट हलीमाकडं दिला, खांदे आत घ्यायला. हलीमा खाजा मियांची मुलगी, माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी खेळलो. शिवणात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही.

ती माप घ्यायला आली आणि फीत हातात धरून नुसती उभी राहिली. मी विचारलं, काय झालं. ती हळू म्हणाली, "द्वारका, ये क्या चल रहा है तेरे घर में?"

मी सांगितलं, अभ्यास. अण्णांना बरं वाटतं. दादा आला की कोट त्याला परत देईन, खांदे पुन्हा उसवता येतील. तिनं माप घेतलं. जाताना म्हणाली की शिवण कच्चीच ठेवते, कधीही उसवता येईल.

कोट आला. बसला चांगला.


पौष वद्य चतुर्थी

मध्ये बरेच दिवस लिहिता आलं नाही. हिवताप. कडू काढे, अंगावर चार चार पांघरुणं. तापात मला दिसायचं की मी पाण्याखाली बसून हिशेब मांडतोय आणि वर घाटावर कुणी घडी घालतंय. अण्णा उशाशी बसून म्हणायचे, "नागनाथ, घाबरू नकोस, अजून वेळ आहे." तापात मी व्हय म्हणायचो.

केस फार गळायला लागले म्हणून आईनं कापून टाकले. अगदी बारीक. तिनं ते कागदात बांधले आणि कुठंतरी नेले. आरसा मागितला. कोट घालून बसलो होतो. आरशातला चेहरा बघून मला भीती वाटायला हवी होती. उलट ओळख पटल्यासारखं वाटलं.

आता डोकं हलकं आहे. वाचलेलं लगेच आत जातं.


माघ शुद्ध सप्तमी

दिगंबरमामा हैदराबादहून आले. न कळवता आले. आईनं दार उघडलं आणि त्यांना बघून आनंदली. म्हणाली, "ये, तुझा भाचा बघ किती अभ्यास करून राहिला." मामांचा चेहरा उजळला. बॅग दारातच टाकून धावत खोलीत आले. मला बघितलं आणि चौकटीला धरून उभे राहिले.

मी त्यांच्या पाया पडलो. परीक्षेचं विचारलं. ते बसले. मग माझ्या वह्या चाळायला लागले. एक, दुसरी, तिसरी. चाळता चाळता त्यांची बोटं सावकाश झाली. एका ठिकाणी आयकराचा अवघड हिशेब होता, तो त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"हे तू एकटीनं केलंस?"

मी म्हणालो, हो.

त्यांनी वही मिटली. "द्वारके, ऐक नीट. बाईनं या परीक्षेला बसू नये असं नियमात कुठंही नाही. मद्रासेकडं एक बाई पास झाल्याचं मी स्वतः वाचलंय. तू माझ्याकडं ये. तीन वर्षं उमेदवारी कर. दुकानदारांच्या रोजकिर्दी तपास, खतावणीची धूळ खा, चार लोकांची बोलणी ऐक. पुस्तकातून अर्धंच येतं, अर्धं माणसासमोर बसून येतं. मग तुझ्या नावानं बस. माझ्या ऑफिसात तुझी खुर्ची ठेवतो."

ते कुणाशी बोलून राहिले ते मला पटकन कळलं नाही. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "मामा, उमेदवारी तर झाली. तुमच्याकडंच तीन वर्षं."

"कुणाची?"

"माझी."

मामांनी हातातली वही टेबलावर ठेवली. मग उठून बाहेर गेले. अण्णांचा आणि त्यांचा आवाज चढला. 'पाप' हा शब्द दोनदा कानावर आला. संध्याकाळी जाताना त्यांनी माझा हात धरला आणि टांग्याकडं ओढायला लागले. आईनं त्यांच्या बोटांतून माझा हात सोडवला. रागानं नव्हे, लेकराच्या हातातून भांडं काढून घ्यावं तसा. "परीक्षा तोंडावर आली," ती म्हणाली. "पोराला कुठं नेतो रे?"

मामा गेले. त्यांना भलतीच तकलीफ झालेली दिसली. वय झालं, कामाचा ताणही असेल. ऑफिसातली खुर्ची कुणासाठी ठेवणार होते, ते विचारायचं राहिलं.


फाल्गुन शुद्ध तृतीया

मामा येऊन गेल्यापासून लोक विचारून राहिले, पोरगी कुठंय. विहिरीवर आईला विचारतात, बाजारात अण्णांना. अण्णा परवा म्हणाले, आता सांगून टाकलेलं बरं, उगाच आशा नको. मग सगळ्यांना सांगितलं. द्वारका भाद्रपदातल्या पुरात गेली.

आज विधी झाला. गावातले भटजी यायला तयार झाले नाहीत, का ते त्यांनी सांगितलं नाही. औंढ्याहून एक म्हातारे भटजी आणले, त्यांना दिसतही कमी होतं. पळस सध्या नुसता फुलून राहिलाय, झाडाला पान नाही, म्हणून पानं पत्रावळीवाल्याकडून आणावी लागली. घाटावर पुतळा मांडला. आईनं कागदाचं एक पुडकं आणलं, त्यातले लांब केस पुतळ्याच्या डोक्याला लावले. वर हिरवी खणाची चोळी.

भटजींनी विचारलं, गेलेली व्यक्ती कोण. अण्णा म्हणाले, "कन्या. द्वारका." पाणी कोण सोडणार. अण्णांनी मला पुढं केलं. भावानं केलेलं चालतं.

मी तीळ घेतले, पाणी सोडलं, भटजी सांगतील तसं नाव उच्चारलं. नाव घेताना जीभ जरा अडखळली. पुतळा पेटला तेव्हा धग लागायला हवी होती, मला हुडहुडी भरली. ताप अजून पुरता गेला नसावा.

हलीमा दूर वडाखाली उभी होती. तोंडात ओढणी कोंबून रडत होती. द्वारकेची मैत्रीण होती ती.

घरी येऊन अंघोळ केली आणि कंपनी कायद्याचं एक प्रकरण संपवलं.


चैत्र शुद्ध द्वादशी

मुंबईहून प्रवेशपत्र आलं. अण्णांनी ते देवापुढं ठेवलं. नाव बराबर आहे.

मन मात्र एकदोन दिवस लागत नाही. वाचताना अधूनमधून खोलीत कुणी असल्यासारखं वाटतं. माझ्या मागं, जरा डावीकडं. मोठ्यानं वाचायला लागलो की ओळीच्या शेवटी मी थांबतो, आणि मी थांबल्यावर तीही थांबते. काहून ती म्हणून लिहिलं, मला माहीत नाही. आईला सांगितलं. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि म्हणाली, पुरातलं माणूस घराच्या ओढीनं येत असतं, तू लक्ष देऊ नको.


चैत्र वद्य पंचमी

आज दुपारी ऐन उन्हात एक माणूस दाराशी आला. दाढी वाढलेली, पायांत धुळीनं माखलेल्या चपला. खिडकीच्या गजांतून मला बाक आणि पायरी दिसते, त्यामुळं सगळं बघितलं.

"अण्णा, मी," तो म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. कोण आपण, कुठून आलात, असं अदबीनं विचारलं, तहसिलीत आलेल्या माणसाला विचारायचे तसं.

तो माणूस रडवेला झाला. "अण्णा, मी नापास झालो होतो. दोनदा. तुमाला तोंड दाखवायची हिंमत झाली न्हाई, म्हणून कपडे घाटावर ठिवून निघून गेलो. वाशिमला कापसाच्या जिनात कारकुनी करून राहिलो. आता न्हाई राहवलं."

"माझा मुलगा नापास होत नाही," अण्णा म्हणाले. "तो आत बसलाय. वैशाखात परीक्षा आहे त्याची. जरा हळू बोला."

आई तांब्या घेऊन आली. तो "आई" म्हणाला. तांब्या त्याच्या हातात देताना तिची बोटं त्याच्या मनगटावर थोडी थांबली. मग तिनं हात मागं घेतला. "पाणी घ्या," म्हणाली. "उन्हातून लांबून आलात."

तो पाणी प्याला नाही. त्यानं विचारलं, "द्वारका कुठंय?"

"गेली," अण्णा म्हणाले. "भाद्रपदातल्या पुरात. तिच्या भावानं सगळं केलं."

तो पायरीवर बसला. तांब्या कलंडला. पूर, मी गेलो त्या दिवशी, मला शोधायला गेली का, असं काहीबाही बोलत तो कपाळ हातांनी बडवायला लागला. परक्या माणसानं इतकं रडावं, म्हणजे ती मुलगी चांगली असली पाहिजे. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मग तो उठला आणि खिडकीशी आला. गज धरून आत पाहिलं. मी वहीवरून मान वर केली. कोट, बारीक केस, टेबल, हातात टाक, सगळं त्यानं बघितलं. दोघांमध्ये हातभर अंतर असेल. त्याच्या कपाळावर मधोमध एक शीर उठली होती. तशीच शीर मी आरशात बघतो.

भूत बघावं तसा मागं मागं गेला, वळला आणि स्टेशनच्या वाटेला पळत सुटला.

अण्णा खोलीत आले. विचारलं, ओळखीचा होता का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, परीक्षेच्या आधी असले लोक येतात, चित्त ढळू द्यायचं नाही.


चैत्र वद्य षष्ठी

हलीमा खिडकीशी आली. आई पाठीमागं कपडे वाळत घालत होती तेवढ्यात आली.

"वो नागूभैयाच थे," ती म्हणाली. "मैं उनकू रस्ते में रोकी. बोली, द्वारका जिंदा है, खिडकी में देखे सो वहीच है. वो तेरे मामू के पास गए, हैदराबाद."

मी तिला सांगितलं की तिची काहीतरी चूक होतेय. नागनाथ मी. ती गजांतून हात घालून माझा दंड धरून राहिली. तिची बोटं शिवणावर होती. "कच्चा टाका है," ती म्हणाली. "एक बार खींच ले बस."

आई येताना दिसली तशी ती गेली. दंडावर तिच्या बोटांचे वळ बराच वेळ होते. मी बाही खाली ओढून घेतली. खर्चाच्या हिशेबाचं शेवटचं प्रकरण अजून राहिलंय.


वैशाख वद्य द्वितीया. मुंबई

पूर्णेला गाडी बदलली, मनमाडला बदलली. अण्णा सोबत. धर्मशाळेत उतरलो आहोत. डब्यात कुणी काही विचारलं की अण्णाच सांगायचे, मुलगा परीक्षेला चाललाय. लोक मला जागा करून द्यायचे.

आज पहिला पेपर झाला. मोठ्या दालनात ओळीनं बाकं. पर्यवेक्षकानं प्रवेशपत्र बघितलं, मला बघितलं, पुढं गेला. उत्तरपत्रिकेवर नाव लिहिताना हात अजिबात हलला नाही. मामांनी सांगितलं होतं तसं सगळे प्रश्न आधी वाचून काढले. मग एका दमात लिहीत गेलो. शेवटचा ताळेबंद जुळला तेव्हा माझ्या डावीकडून कुणीतरी श्वास सोडला. तिथं रिकामं बाक होतं.

बाहेर आलो तर फाटकाशी मामा उभे होते, आणि तो दाढीवाला. आता दाढी काढलेली होती. अण्णा त्यांच्यापासून दूर, भिंतीला टेकून बसलेले. टोपी मांडीवर. टोपी नसलेले अण्णा मी रस्त्यावर कधी पाहिले नव्हते.

मामा म्हणाले, "द्वारके, चल."

मी त्यांना सांगितलं की द्वारका वारली. उद्या ऑडिटचा पेपर आहे, मला वाचायला हवं.

तो माणूस पुढं आला. माझ्यासमोर उकिडवा बसला, त्या गर्दीत, आणि खाली मान घालून म्हणाला, "दुर्के, मी दोनदा बसलो. दोनदा मला पहिलाच प्रश्न आला न्हाई. तुला आला का गं?"

"सगळे आले," मी म्हणालो.

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला पुढं जायचं होतं. पाय हलेनात. काय होऊन राहिलं ते मला कळेना. गालाला हात लावला तर ओला होता. मामांनी कोटाच्या बाहीला धरलं, आणि खांद्याची शिवण फाटत गेल्याचा आवाज मला ऐकू आला.


वैशाख वद्य नवमी. हैदराबाद

मामांच्या घरी आहे. ऑडिटचा पेपर देऊ दिला नाही. पहिल्या दिवसाचंही मामांनी परीक्षेच्या कचेरीत जाऊन काहीतरी सांगून मिटवलं. ते म्हणतात, दुसऱ्याच्या नावावर मिळालेला परवाना हा परवानाच नव्हे, ती चोरी. हे मला मान्य आहे. फक्त ते मला का सांगतात ते समजत नाही.

अण्णांना तो वाशिमचा माणूस हिंगोलीला घेऊन गेला. तो आता तिथंच राहील म्हणतात. खाजा मियांनी कुणाकरवी तरी निरोप धाडला की आई त्याला दोन वेळा वाढते आणि पाहुण्यासारखी विचारपूस करते. अण्णा दारात बसतात. आल्यागेल्याला सांगतात, मुलगा मुंबईला परीक्षेला गेलाय, येईलच.

मामी मला लुगडं नेसवते. निऱ्या माझ्या हातून नीट पडत नाहीत.


ज्येष्ठ शुद्ध पंचमी

मामांच्या ऑफिसात खिडकीजवळ एक खुर्ची ठेवली आहे. आज तिथं बसवलं. मुनीम आणि दोन उमेदवार उठून उभे राहिले, मग आपापल्या कामाला लागले. समोर कापडाच्या दुकानाच्या वह्या होत्या. मामा म्हणाले, चूक शोधत बसू नकोस, आधी वहीची ओळख करून घे, माणसाची करतात तशी. काम चांगलं आहे. दुपारपर्यंत मान वर केली नाही.

जेवणानंतर मामांनी उमेदवारीचा करारनामा पुढं ठेवला. तीन वर्षांचा. त्यांची सही आधीच होती. शाई, टाक, टिपकागद सगळं नीट मांडून त्यांनी खाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं तुझं नाव लिही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं, हात कुठं अडला नाही. टिपकागद दाबून कागद त्यांच्याकडं सरकवला.

मामांनी तो वाचला. मग उठून कपाटातून दुसरा कोरा करारनामा काढला, त्यावर पुन्हा आपली सही केली आणि माझ्यासमोर ठेवला. पहिल्यात काय चुकलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.